सहा पातींचं गाणं

बाभळसरच्या कमलबाईंचा दोन बाबतींत कुणी हात धरू शकत नव्हतं. एक खुरपं आणि दुसरा गळा. नळदुर्गाहून तुळजापूरच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला आत वळून हे गाव. तिथल्या कुठल्याही रानात खुरपणीची टोळी बसली असली, तर आधी कमलबाईंचा आवाज ऐकू यायचा आणि मग टोळी दिसायची. सहा बायकांची टोळी आणि कमलबाई तिच्या मुकादम. त्या गायला लागल्या की बाकीच्यांचे हात आपोआप चालायचे, आणि त्या थांबल्या की हात थांबून तोंडं चालायची. म्हणूनच रानाचा मालक पाण्याची घागर घेऊन आला की पहिला तांब्या कमलबाईंना द्यायचा.

गावात कुणाच्याही घरी हळद असली की पहिलं गाणं कमलबाईंचं. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण दुसरं कुणी आधी तोंड उघडायची हिंमतही केली नव्हती. ज्या घराशी बोलणं बंद, त्या घरीही त्या हळदीला जायच्या, गाऊन यायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून भांडण राहिलं होतं तिथून पुढं चालू करायच्या. तीस वर्षांत दीडएकशे नवऱ्या तरी त्यांनी गाऊन पिवळ्या केल्या असतील. गाणं त्यांच्या आईकडून आलेलं, दोनच ओळींचं:

हळदीच्या वाटीमंदी, सकाळचं कवळं ऊन
लेकी तुझ्या गालावरी, माझ्या बोटाची गं खूण

दुसरी ओळ म्हणता म्हणता त्या बोट हळदीत बुडवून नवरीच्या गालावर टेकवायच्या. तोवर धीरानं बसलेली नवरी तिथं हमखास रडायची. "नवरी रडली न्हाई तर हळद चढली कशी म्हनायची?" असं त्यांचं म्हणणं.

कमलबाईंची एकुलती एक लेक निकिता. ती पुण्याला एका दवाखान्यात नर्स होती. तिच्या हळदीची वाट कमलबाई ती पाळण्यात होती तेव्हापासून बघत होत्या. "माझ्या निकीला हळद लागंल तवा असं गाईन, असं गाईन, की नळदुर्गच्या किल्ल्यातली पाखरं उठतील," हे त्या इतक्यांदा म्हणाल्या होत्या की टोळीतल्या बायका त्यांच्याआधी ते वाक्य पुरं करायच्या.

पण त्या वर्षी आषाढात त्यांच्या गळ्याशी गाठ वर आली. सोलापूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवाचा घोर टळला, सगळं चांगलं झालं. फक्त ती गाठ आवाजाच्या शिरेला चिकटून वाढली होती, आणि ती निघाली तशी शीर मलूल पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळूहळू बोलता येईल. गाण्याचं मात्र बघू." रानाचा मालक 'बघू' म्हणाला की पुढं काय होतं, हे तीस वर्षं टोळी चालवलेल्या बाईला काय सांगायचं? कमलबाई काय ते समजल्या. फुटक्या भात्यातून वारा यावा तसा आवाज घेऊन त्या घरी आल्या.

आणि नेमकं त्याच महिन्यात निकिताचं जमलं. उमरग्याचा मुलगा, कृष्णराज नावाचा, औषधाचं दुकान असलेला. लग्न मार्गशीर्षात धरलं. म्हणजे हातात चार महिने, आणि गळ्यात नुसता वारा.

"त्यात काय एवढं?" त्यांचे मालक बब्रुवान म्हणाले. "डीजे सांगू. तुझं गानं मोबाईलवर घेतलेलं आसंल कुनीतरी."

कुणीच घेतलेलं नव्हतं. रोज फुकट ऐकायला मिळणारी गोष्ट कोण जपून ठेवतं? आणि डीजेचं नाव काढल्याबद्दल कमलबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. आवाजच नसल्यामुळं तो अबोला आहे हे बब्रुवानांच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले.

गौरीच्या आधी घर सारवायला, झाडायला काढलं तेव्हाची गोष्ट. आतल्या खोलीत खुंटीला एक काळी पिशवी टांगलेली होती. निकितानं पुण्याला शिकत असताना गिटार घेतली होती, तीन महिने शिकली, बोटं दुखतात म्हणून सोडून दिली आणि घरी आणून टांगली. चार वर्षं बब्रुवान तिच्यावर टोपी ठेवत आले होते. कमलबाईंनी पिशवी खाली काढताना ती हातातून निसटली आणि जमिनीला टेकली. आतून एक जाड, लांब हुंकार आला आणि बराच वेळ राहिला. कमलबाई हातातली केरसुणी तशीच धरून खाली बसल्या. आपण गाणं सुरू करायच्या आधी छातीत जे भरून यायचं, ते हेच, असं त्यांना वाटलं. त्यांनी पिशवी पुन्हा मुद्दाम जमिनीला टेकवून पाहिली.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्यावर पोरं घरी पळाली आणि कमलबाई लुगड्याच्या पदराखाली गिटार झाकून शाळेत शिरल्या. लपवायला गेल्या खऱ्या, पण झाकलेली गिटार उघड्या गिटारीपेक्षा जास्त दिसते. तिथले बुद्धघोष गुरुजी तुळजापूरहून मोटारसायकलवर यायचे, पोरांना कविता गिटारीवर शिकवायचे आणि भीमजयंतीला त्यांच्या भावाच्या गायन पार्टीत वाजवायचे.

"गुरुजी," कमलबाई कुजबुजल्या, कारण तेवढंच निघत होतं, "ह्याला गळा हाय, मला न्हाई. निकीच्या हळदीला ह्याच्या गळ्यातनं माझं गानं काढायचंय. हुईल का?"

गुरुजींनी गिटार हातात घेतली, गंजलेल्या तारा बघितल्या. "तारा नव्या टाकू. पण मावशी, पहिला महिना बोटं फार दुखतात. पुष्कळ जण तिथंच सोडतात." त्यांनी कमलबाईंचं बोट तारेवर ठेवून दाबलं. "टोचतं का?"

"काय?"

"तार."

"ही तार हाय व्हय? मला वाटलं दोरा हाय."

तीस वर्षं खुरप्याची मूठ धरलेली बोटं ती. गुरुजींनी मान हलवली आणि शिकवणी सुरू झाली. निकिताला यातलं काही कळू द्यायचं नाही, ही कमलबाईंची एकच अट. जमलं नाही तर निदान लेकीसमोर हसं व्हायला नको.

गुरुजींनी गाणं कमलबाईंच्या कुजबुजीतून आणि बब्रुवानांच्या बेसूर मदतीतून उतरवून घेतलं. वाजवून दाखवलं तेव्हा कमलबाईंचे डोळे भरले. पण बघून बघून लक्षात किती राहणार? शनिवारी पाहिलेलं सोमवारपर्यंत धूसर आणि बुधवारी सपाट. मग गुरुजींनी वहीचं पान फाडून सारेगम लिहून दिलं. कमलबाईंनी ते घडी घालून कनवटीला लावलं. पुढच्या शनिवारी विचारलं तर म्हणाल्या, "कागद लई झकास हाय." वाजवलं मात्र काहीच नाही. गुरुजींना वाटलं, अक्षर गिचमिड असेल. त्यांनी दुसऱ्या कागदावर मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहून दिलं. तिसऱ्या शनिवारी तोही कागद झकासच होता.

शेवटी कमलबाईंनीच सांगून टाकलं. "गुरुजी, मला अक्षर वळकत न्हाई. अंगठा हाय माझा. आकडे येत्यात. फोनचे, एसटीवरचे, समदे."

"मग मावशी, आधीच सांगायचं की!"

"तुमी एवढं मन लावून लिवलेलं. तुमाला वाईट वाटलं आसतं."

गुरुजी एकदम उठले, फूटपट्टी घेतली आणि कोऱ्या कागदावर एकाखाली एक अशा सहा आडव्या रेघा मारल्या. "मावशी, जगात असं एक लिखाण आहे, त्यात एकही अक्षर नसतं. नुसत्या रेघा आणि आकडे. त्याला टॅब म्हणतात. सहा रेघा म्हणजे गिटारीच्या सहा तारा. ज्या रेघेवर आकडा असेल ती तार वाजवायची. आकडा सांगतो बोट कुठल्या घरात ठेवायचं." गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधली जागा म्हणजे घर, हेही त्यांनी दाखवलं. "फक्त एक ध्यानात ठेवा. कागदावरची सगळ्यात वरची रेघ म्हणजे गिटारीची सगळ्यात खालची, बारीक तार."

"म्हंजी हिरीत वाकून बघितल्यावानी उलटं."

"अगदी तसंच."

"आन् शून्य?"

"शून्य म्हणजे बोट ठेवायचं नाही, तार मोकळीच छेडायची."

"बरं झालं. शून्याला बी काम हाय." कमलबाईंना ते फारच आवडलं.

त्या आठवड्यात घरात दुसरं काही सुरू नव्हतं. दुपारी भाकरी झाली की कमलबाई गोठ्याच्या सावलीला बाजेवर बसायच्या, कागद समोर पितळी डब्याला टेकवायच्या आणि एकेक आकडा शोधून तार ओढायच्या. पहिल्या दिवशी म्हशीनं मान वर केली. तिसऱ्या दिवशी बब्रुवान म्हणाले, "आगं, ही हळद हाय का दहावा?" कमलबाईंनी लक्ष दिलं नाही. नवं आहे, कानाला बसायला वेळ लागणार. शुक्रवारपर्यंत त्यांनी कागद पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ केला. एक आकडा चुकत नव्हता.

शनिवारी त्यांनी ऐटीत वाजवून दाखवलं. गुरुजी ऐकत राहिले. मग म्हणाले, तारा उतरल्या असतील. तारा लावल्या. पुन्हा तेच. मग त्यांना वाटलं आपणच चुकीचं लिहिलं. कागद तपासला, तो बरोबर होता. "मावशी, एकदा कागदावर बोट ठेवून दाखवा बरं, कसं कसं जाता ते."

कमलबाईंचं बोट वरच्या रेघेवरून डावीकडून निघालं, एकेक आकडा घेत उजव्या टोकाला पोचलं, तिथून खालच्या रेघेवर उतरलं आणि उजवीकडून डावीकडं माघारी यायला लागलं. मग तिसऱ्या रेघेवर पुन्हा डावीकडून उजवीकडं.

"थांबा, थांबा! हे असं उलटं कशाला आलात?"

"मग? बांधापातूर गेल्यावर रिकामं कोन माघारी येतंय? येताना दुसरी पात धरायची." पात म्हणजे खुरपताना एका बाईनं धरलेली ओळ. कमलबाईंनी गुरुजींकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमी कधी खुरपलेलं दिसत न्हाई."

घोडं कुठं पेंड खात होतं ते आत्ता कळलं. गुरुजींना आधी हसू फुटलं, मग त्यांनी ते आवरलं. "तसं नाही मावशी. सहाही रेघा एकदम वाचायच्या. वरपासून खालपर्यंत उभं बघायचं आणि मग पुढं सरकायचं."

"मी एकटी. मला डोळं दोन. सहा पाती एकदम कशा धरायच्या?"

गुरुजींनी खूप समजावलं. खडूनं फळ्यावर काढलं. कमलबाई मान डोलवत राहिल्या, पण आत काही शिरत नव्हतं. आठ दिवस जीव लावून पाठ केलेलं सगळं चुकीचं, एवढंच त्यांना कळलं. घरी येऊन त्यांनी कागद पिठाच्या डब्यात टाकला, गिटार खुंटीला अडकवली आणि बब्रुवानांना म्हणाल्या, "अंगठ्याचं काम न्हाई ते. सांगा तुमचा डीजे."

इतके दिवस चेष्टा करणारे बब्रुवान टोपी गिटारीवर ठेवायला गेले आणि हात मागं घेतला. टोपी खाली डब्यावर ठेवली. "त्याची तारीख न्हाई म्हनला त्यो," ते म्हणाले. डीजेवाल्याला त्यांनी फोनसुद्धा केलेला नव्हता. बाभळसरच्या इतिहासात ते खोटं एकदाच बोलले, पण नेमक्या वेळी.

सोमवारी टोळी कांद्याच्या रानात होती. डॉक्टरीणबाईंनी वाकायची मनाई केल्यामुळं कमलबाई नुसत्या देखरेखीला, कडेच्या बांधावर उभ्या होत्या. त्यांच्या जागी नवी आलेली करिश्मा, पलीकडच्या वस्तीवरची सून, सगळ्यात लांबच्या पातीवर होती. हडकुळी पोर, आवाज बारीक आणि सतत चालू. सगळ्यात अलीकडं, कमलबाईंच्या पायाशी, इरम्मा होती. ती सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली. अंगानं भारदस्त, बोलणं कमी, आणि काही विचारलं की आधी "हूं" असा खोल हुंकार. मधल्या चार पातींवर बाकीच्या चौघी. सहाही बायका डावीकडून उजवीकडं एका रांगेत पुढं सरकत होत्या.

तीस वर्षं कमलबाई या रांगेत बसल्या होत्या, पण रांग अशी कडेनं उभ्यानं कधी बघितली नव्हती. तण सगळ्या पातींत सारखं नसतं. करिश्माच्या पातीत गवत आलं, तिचं खुरपं वाजलं. बाकीच्या नुसत्या सरकल्या. मग वर्षाराणीच्या पातीत, करिश्माच्या शेजारी, खच. पुन्हा करिश्मा. मग दोघींच्या पातींत एकदम, दोन खुरपी एकदम. मग बराच वेळ काही नाही, आणि मग पायाशी इरम्मा, हूं करून, खच.

कुणी एकटी आपली पात संपवून माघारी येत नव्हती. टोळी मिळून एकच चाल चालत होती. आणि जिच्या पुढ्यात तण, तिचंच खुरपं वाजत होतं.

कमलबाईंनी कपाळावर हात मारला आणि बांधावरून गावाकडं पळत सुटल्या.

"कमलक्का! येन आयितु? काय झालं ग?" इरम्मा घाबरून ओरडली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कमलबाईंना आवाज नसल्याचं वाईट वाटलं नाही, कारण उत्तर द्यायला वेळच नव्हता. घरी जाऊन त्यांनी पिठाच्या डब्यातून कागद काढला, झटकला, बाजेवर बसल्या. वरची रेघ करिश्मा. तिच्याखाली वर्षाराणी. तळाला इरम्मा. सगळ्या एकदम चालल्या. इरम्मा शून्य. वर्षाराणी एक. करिश्मा शून्य. करिश्मा तीन.

'हळ-दी-च्या', तार म्हणाली.

बब्रुवान म्हशीला वैरण टाकत होते. ते पेंढी हातात घेऊन तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कमलबाईंनी ते पाहू नये म्हणून म्हशीच्या पाठीमागं गेले.

मग काय विचारता! बातमी टोळीत पोचली आणि टोळीत पोचली म्हणजे सगळीकडं पोचली. आपण कागदावर आहोत म्हटल्यावर बायकांचा रुबाब वाढला. करिश्मा रोज विचारायची, "मावशी, आज माझं काम किती?" तिच्याच रेघेवर सगळ्यात जास्त आकडे होते, आणि ती ते सगळ्यांना ऐकवायची. इरम्माला मात्र राग आला. तिच्या रेघेवर नुसतीच शून्यं. "म्हंजी मी काय नुसती बसूनच ऱ्हाते?"

"आगं, तू हूं म्हनल्याबिगर गानं उभंच ऱ्हात न्हाई," कमलबाई म्हणाल्या, आणि जाड तार अंगठ्यानं मोकळी छेडून दाखवली. इरम्मानं ती ऐकली, विचार केला, आणि म्हणाली, "हूं." त्या दिवसापासून तिची तक्रार मिटली.

बब्रुवानांच्या पोटात काही राहत नाही हे गावाला माहीत होतं. निकिताचा फोन आला की कमलबाई त्यांच्या शेजारी बसायच्या आणि डोळे वटारायच्या. तरी एकदा त्यांच्या तोंडून गेलंच. "आई व्हय? आई गोठ्यात इरम्माला अंगठा मारतीया." त्या दिवशी पुण्याहून निकितानं तीनदा फोन करून, आईचं आणि इरम्मामावशीचं कशावरून बिनसलं, ते विचारलं.

एक अडचण राहिली. आकडे बरोबर यायचे, पण गाणं गाण्यासारखं यायचं नाही. सगळे सूर सारख्या अंतरानं, मोजल्यासारखे पडायचे. "कुठं किती थांबायचं, ते कुठं लिवलंय?" कमलबाईंनी विचारलं.

"थांबणं या कागदावर लिहिलेलं नसतं, मावशी," गुरुजी म्हणाले. "आणि ते तुम्हाला मी काय शिकवणार? दीडशे हळदींत तुम्हीच थांबत आला आहात."

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दारात मांडव होता, उन्हाला अजून धार आली नव्हती. उमरग्याहून उष्टी हळद घेऊन पाच सवाष्णी आल्या होत्या. निकिता पाटावर बसली. गाव जमलं होतं, आणि गावाच्या तोंडावर एकच प्रश्न होता. पहिलं गाणं आता कोण म्हणणार? कुणी तोंड उघडत नव्हतं. कमलबाईंचा मान दुसऱ्या कुणी घ्यायचा म्हणजे पाप.

कमलबाई घरातून बाहेर आल्या. हातात गिटार. निकिताचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बब्रुवानांनी समोर दुसरा पाट उभा केला, त्याला कागद लावला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून सुतळी बांधली आणि आपण डीजेचे मालक असल्यासारखे बाजूला उभे राहिले.

कमलबाईंनी जाड तार छेडली. सवाष्णींनी निकिताच्या गालांना, हातांना हळद लावायला घेतली. पहिली ओळ निघाली. हळदीच्या वाटीमंदी, सकाळचं कवळं ऊन. सावकाश निघाली, थोडी अडखळली, पण निघाली. मागून कुणीतरी "आगं बया, हे तर आपलंच," असं म्हटलं. दुसरी ओळ सुरू झाली आणि तिथं कमलबाईंनी चूक केली. कागदावरून नजर उचलून त्यांनी लेकीकडं पाहिलं.

निकिताच्या दोन्ही गालांवर हळद होती आणि डोळ्यांत पाणी उभं होतं. कमलबाई बघतच राहिल्या. परत कागदाकडं वळल्या तेव्हा पात सुटली होती. रेघाच रेघा, आकडेच आकडे. आपण कुठल्या जागी होतो? बोटं तारांवर थबकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं? हळद पुन्हा पहिल्यापासून लागते का? उमरग्याच्या एका सवाष्णीनं दुसरीच्या कानात काहीतरी म्हटलं. बब्रुवान टोपी काढून हातात चुरगळायला लागले. कमलबाईंचे कान तापले. तीन महिने, आणि आता एवढ्या माणसांत लेकीची हळद अर्ध्यावर.

निकिता पाटावरून वाकली. पुण्यात तीन महिने का होईना, ती हे शिकली होती. आईचं गाणं तर तिला पाळण्यापासून पाठ होतं. तिनं ओल्या हळदीचं बोट कागदावर टेकवलं. "आई, हितं. वरून दुसरी. तीन."

कागदावर पिवळा ठसा उमटला.

कमलबाईंनी तिथून पात धरली. वर्षाराणी तीन, करिश्मा शून्य, आणि इरम्मा. त्या जाड तारेबरोबर खरी इरम्मा मागून उठली आणि आपल्या खोल, कानडी वळणाच्या आवाजात गायला लागली, 'लेकी तुझ्या गालावरी'. मग करिश्मा, मग वर्षाराणी, मग सगळा मांडव. किल्ल्यातली पाखरं उठली की नाही ते ठाऊक नाही, पण मांडवावरचे कावळे उठले, हे बब्रुवान शपथेवर सांगतात.

गाणं संपल्यावर कमलबाईंनी बोट हळदीत बुडवलं आणि लेकीच्या गालावर टेकवलं. तारेची बारीक रेघ त्यांच्या बोटावर उठली होती, ती हळदीत तशीच उमटली. निकिता रडत होतीच. पण दीडशे नवऱ्यांना रडवणारी ही बाई त्या दिवशी तिच्यापेक्षा मोठ्यांदा रडली, आणि तिला आवाज नाही यावर उमरगेकरांचा विश्वास बसेना.

"आई," निकिता तिचे डोळे पुसत म्हणाली, "तू कागद बघून वाजवलंस. तू वाचत होतीस."

कमलबाईंनी कागदाकडं पाहिलं. इतके दिवस त्या तेच करत होत्या, पण आपण वाचतो आहोत, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. साठीला आलेल्या बाईला एवढ्या माणसांत लाजावं लागलं.

लग्न झालं, निकिता उमरग्याला गेली आणि तिथल्याच एका दवाखान्यात लागली. कमलबाईंचा आवाज थोडा परतला, भांडण्यापुरता. गाण्यापुरता अजून नाही, पण गावातल्या हळदी आता अडत नाहीत. शनिवारी शाळा सुटायच्या आधी गुरुजी त्यांना वर्गात बोलावतात आणि त्या पोरांसमोर वाजवतात. कागद नवा लिहून देतो असं गुरुजी किती वेळा म्हणाले. पिठाचे आणि हळदीचे डाग पडलेला तो जुनाच कागद त्या घेऊन येतात.

परवाच्या शनिवारी त्या वाजवता वाजवता दुसऱ्या ओळीत मध्येच थांबल्या. तारेचा आवाज विरून जाईपर्यंत थांबल्या, आणि मग पुढं निघाल्या. गाणं संपल्यावर गुरुजी म्हणाले, "मावशी, बाकी सगळं झकास. पण तिथं एवढं थांबायचं कुठं लिहिलंय?"

कमलबाईंनी कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि पिवळ्या ठशावर बोट ठेवलं.

"हे काय, लिवलंय की."